सोडलेला खेळ

सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानांपुढून जाताना कुठल्याशा बोळातून चिंध्यांचा एक चेंडू घरंगळत आला. तो पायाशी पोचायच्या आतच धुळाप्पानं धोतराचा सोगा किंचित वर उचलला, आणि सांडलेल्या पाण्यावरून टाकावा तसा पाय टाकून तो पुढं गेला. एवढंच झालं. चेंडू गटाराच्या कडेला जाऊन थांबला. मागून पोरं ओरडली, "ओ मामा, मारा की!" धुळाप्पानं मान न वळवताच हात हलवला आणि सोजरला म्हणाला, "फुडल्या दुकानात बघू. हितलं चीट एका धुण्यात आटतंय." गिरणीच्या फोल्डिंग खात्यात दिवसभर कापडाच्या घड्या बघणारा माणूस बोलेल तसंच, सहज. सोजर मायाला कडेवर घेऊन दोन पावलं मागं होती. पोरीला परकराला कापड घ्यायचं म्हणून ती दोघं तिला घेऊन बाहेर पडली होती. सोजरनं टांग्याचं चाक पाहिलं होतं, जिलबीवाल्याची उकळती कढई पाहिली होती, दुकानाच्या पायरीवरचं लूत लागलेलं कुत्रं पाहिलं होतं. माया झाल्यापासून तिचे डोळेच असे झाले होते. पोरीला जे जे लागेल, भाजेल, चावेल ते आधी दिसायचं आणि माणसं मागाहून. पण या सगळ्यात तो वर उचललेला सोगा दिसेल असं तिला वाटलं नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावीच, तसं तिला झालं. दुकानदार ठाण उलगडत होता, धुळाप्पा कापडाची किनार चिमटीत धरून उजेडाकडं करून बघत होता, माया "लाल, लाल" म्हणून तिचे केस ओढत होती, आणि सोजरच्या मनात एकच गोष्ट होती: हा माणूस चेंडूला शिवलं तर बाटेल असा टाळतो. आणि हे याला मी शिकवलं.

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते किल्ल्याजवळच्या मैदानावर. पुण्याच्या कॉलेजात तिचं दुसरं वर्ष चालू होतं, सुट्टीत ती घरी आली होती आणि जोतीराम मास्तर, तिचे वडील, तिला सामना बघायला घेऊन गेले होते. धनगराच्या घरात जन्मून शाळेचा हेडमास्तर झालेला माणूस. देवाला नारळ नाही, भटाला दक्षिणा नाही, आणि मुलीला शिकवायचं म्हणजे शिकवायचंच, असा खाक्या. त्यांना शौक दोनच, वर्तमानपत्र आणि फुटबॉल. मैदानाच्या कडेला छत्री टेकून उभे राहत ते तिला म्हणाले होते, "चेंडूकडं बघू नकोस, सोजर. चेंडूकडं सगळेच बघतात. त्या मधल्याकडं बघ." मधला म्हणजे गिरणीच्या संघाचा सेंटर हाफ. उंच नाही, रुंद नाही, अनवाणी, घोट्याला पट्ट्या बांधलेल्या. तो फारसा धावतही नव्हता. चेंडू दुसऱ्याच कुणाकडं असताना तो एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघायचा, एकदा उजव्या. आणि चेंडू त्याच्याकडं आला की तो जिथं द्यायचा तिथं आधीच दिलेला असल्यासारखा निघून जायचा. समोर पलटणीचे बूटवाले गोरे सोजीर धाड धाड करत यायचे आणि जिथं तो एका क्षणापूर्वी होता तिथल्या धुळीवर आदळायचे. कडेची माणसं ओरडायची, "धुळाऽऽ! आरं धुळाऽऽ!" मास्तर ओरडत नव्हते. ते नुसते हसत होते, एखाद्या पोरानं फळ्यावर अवघड गणित सोडवावं तसे. सोजरला खेळातलं काही कळत नव्हतं. पण ती वळणारी मान तिच्या लक्षात राहिली. पुण्याला परत गेल्यावरही, टेकडीकडून येणारा वारा खिडकीतून पुस्तकाची पानं उलटवायला लागला की, का कोण जाणे, ती मान आठवायची.

लग्न झाल्यावर तिनं त्याला एकदा विचारलं होतं, हे मागं बघायचं कुणी शिकवलं म्हणून. तो लाजला. मॅट्रिक झालेला होता, पण खेळाबद्दल बोलायचं म्हटलं की त्याची भाषा सरळ सांगोल्याकडं, आईबापाच्या मेंढरांत जायची. "शिकवतंय कोण? मेंढरं पाण्यावर उतरली की फुडच्याकडं कुणी बघत न्हाय. फुडची आपली जात्यात. मागं कोण ऱ्हायलंय, कोण बाजूला सरकतंय, कुटं कुत्रं टपून बसलंय, त्ये बघायचं. मधल्याला मागचं दिसाया पायजे. न्हाय तर मग त्यो मधी हुबा कशाला?" गिरणीनं त्याला खेळायलाच ठेवला होता. हजेरी फोल्डिंग खात्यात लागायची, पण त्या खात्यात त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी सराव, दुपारी झोप, पावसाळ्यापासून थंडीपर्यंत सामने. मिरज, पुणे, एकदा हैद्राबाद. चाळीत दोन खोल्या मिळाल्या त्या पायांवर मिळाल्या. शेजारच्या बायका तिला म्हणायच्या, "तुझं बरं हाय बाई, तुझा नवरा पोरावानी खेळतोय आन् पगार घेतोय." ती हसायची. आत मात्र तिला दुसरंच काही दिसत असायचं. सामन्यानंतर तो परातीत पाय सोडून बसायचा, पाणी तांबडं व्हायचं, अंगठ्याचं नख काळं पडलेलं असायचं, नडगीवर बुटाच्या खिळ्यांची नक्षी. "एक दिवस हाड मोडेल," ती म्हणायची. "मोडलं तर जोडंल," तो म्हणायचा आणि परातीतलं पाणी पायानं तिच्या अंगावर उडवायचा. तिची कॉलेजची पुस्तकं तेव्हा फळीवर जुन्या साडीत बांधून ठेवलेली होती. इंटरची परीक्षा द्यायची राहून गेली होती. देईन म्हणाली होती, पण आधी लग्न, मग डोहाळे, मग माया. तिच्या लेखी काही मोडलं नव्हतं. फक्त राहून गेलं होतं.

मुंबईच्या एका गिरणीचा माणूस आला तो त्याच सुमाराला. खाटेवर बसून त्यानं बशीतून चहा घेतला आणि परळला खोली, मोठ्या संघांशी सामने, वर्तमानपत्रांत नाव असलं पुष्कळ सांगितलं. जाताना म्हणाला, "तुम्ही इथं किती दिवस राहणार? तुमच्यासारखा सेंटर हाफ आमच्याकडंसुद्धा नाही." धुळाप्पा नुसता मान खाली घालून हसला. तो गेल्यावर त्यानं तिला विचारलं, "जायाचं का?" सोजर मायाला पाजत होती. मुंबई, परकी खोली, नळावरची रांग, तान्ही पोर, आणि हा संध्याकाळी रक्ताळलेले पाय घेऊन येणार किंवा येणारच नाही. ती म्हणाली, "बघू." तो म्हणाला, "बघ की. घाई न्हाय." आणि त्याच आठवड्यात मायाला ताप भरला.

मुदतीचा ताप. डॉक्टर म्हणाले, वाट बघायची, दुसरं औषध नाही. कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, त्या वाळल्या की बदलायच्या. पोरीचे ओठ फुटले, डोळे अर्धे उघडे राहायला लागले, रडणं बंद झालं. रडणं बंद झालं तेव्हा सोजर खरी घाबरली. सासू, अंबुबाई, गावाहून आली ती पदरात बिरोबाचा भंडारा बांधून. तिनं नातीच्या अंगावर हळद टाकली, जात्यासारखी घरघर करत काहीतरी पुटपुटली, आणि मग सोजरकडं वळून म्हणाली, "काय तरी सोड बाई देवाला." धुळाप्पा लहान असताना त्याचे डोळे आले होते, चिकटून बसले होते, तेव्हा अंबुबाईनं वांगं सोडलं होतं. त्या घरात अशी प्रत्येक बाईनं काहीतरी सोडलेलं होतं. कुणी गूळ, कुणी हिरवं लुगडं, कुणी माहेरची जत्रा. सोजर अशा गोष्टींना हसत आली होती. मास्तरांची मुलगी होती ती. पण मास्तर वारले होते आणि पोरगी रडत नव्हती. अंबुबाईनं तिच्या तळहातावर भंडाऱ्याची चिमूट ठेवली. "उगं वरवरचं नगं. जीवाला लागंल असं सोड." आणि सोजरच्या तोंडून निघालं, "यांचा खेळ सोडला."

अंबुबाईचा हात तसाच हवेत राहिला. "आगं," ती म्हणाली, "आपलं सोडायचं आसतंय." मग तिनं ती हळद सोजरच्याच कपाळाला लावली. बोललं ते बोललं. अशा गोष्टी तोंडातून निघाल्या की तांदळासारख्या परत वेचून सुपात घेता येत नाहीत, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिन्हीसांजेला धुळाप्पा मैदानावरून आला. दारातच तिनं त्याला सांगितलं. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, मांड्यांपर्यंत धूळ. तो मोरीत गेला आणि पाय धुवायला लागला. किती तरी वेळ पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा पाय पुसत म्हणाला, "बोललीस न्हवं? मग झालं." त्या दिवसानंतर त्यानं चेंडूला पाय लावला नाही. मायाचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, मुदत संपली. अंबुबाई म्हणाली, बिरोबानं ऐकलं. सोजर दोघांनाही हो म्हणाली. तिला यातलं कुठलं खरं वाटत होतं हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता.

तो प्रश्न आता, नवी पेठेतून घरी येताना, कापडाचं पुडकं काखेत धरून चालताना आला. सोडायला तिच्याकडं पुष्कळ होतं. आंबा होता, पुरणपोळी होती, काजळ होतं. फळीवरची पुस्तकं होती. पुस्तकं का नाही सुचली? ती तर जीवाला लागली असती. का ती आधीच सुटलेली होती आणि सुटलेलं देवाला कसं देणार? घरात ज्याचं काहीतरी अजून चालू होतं असा माणूस एकच होता. ती जसजशी चालत होती तसतसं तिला तो हळदीनं पिवळा झालेला आपला तळहात स्पष्ट दिसायला लागला, आणि त्या क्षणी भीतीच्या तळाशी, अगदी तळाशी, एक बारीकसं बरं वाटणं होतं की काय, हे तिला आठवेना. होतं असं वाटलं की नव्हतं वाटायचं, आणि नव्हतं असं वाटलं की होतं. धुळाप्पा पुढं चालत होता. त्याच्या पायांत वहाणा होत्या. खेळ सुटल्यावर गिरणीनं त्याला खरोखरच फोल्डिंग खात्यात बसवलं, तेव्हापासून त्या आल्या. मध्ये एकदा त्याला काटा लागला म्हणून तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला होता आणि दचकली होती. तळवा मऊ पडला होता. तिच्या स्वतःच्या पायासारखा.

चन्नप्पा आला तो दुसऱ्या दिवशी, गिरणीचा भोंगा झाल्यावर. संघाचा गोलकीपर तो, आता कप्तानही; दाराएवढा रुंद, तोंडात पान, अक्कलकोटकडचा, मराठीला कानडीचा हेल. आल्या आल्या ओरडला, "काय वो वैनी, तुमच्या देवाला सगळ्या सोलापुरात आमचाच माणूस दिसला काय?" सोजर चुलीपुढं भाकरी थापत होती, हात थांबला. धुळाप्पा म्हणाला, "बस रे. चहा घे." "चहा नको. तू पाहिजे." शील्डच्या स्पर्धेचा शेवटचा सामना पलटणीशी होता, रविवारी. मधल्या जागी खेळणाऱ्या पोराचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. "आन् ऐक, तो मुंबईवाला येतोय बघायला. अजून विचारतोय, तो धनगर कुठं गेला म्हणून. मी काय सांगू? घड्या घालतोय म्हणून सांगू?" धुळाप्पा हसला. "तीस व्हत आली की मला. पायात काय ऱ्हायलंय आता?" "पाय आम्ही देतो रे. आमच्याकडं पायच पाय हाईत, वीस पाय पळत्यात नुसते. डोळे नाहीत कुणाला. अय्यो, गोलात उभा राहून ओरडून ओरडून माझा घसा गेला, मागं बघा रे, मागं बघा! कोण बघतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे शेवटचं, धुळा. पुढच्या साली मीसुद्धा म्हणणार नाही." धुळाप्पा म्हणाला, "सोडल्यालं हाय त्ये, चन्नप्पा." "कोणी सोडलेलं? तू?" तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा सोजरला कळलं की आपण ती उलटलीच नाही.

अंबुबाई तेव्हा त्यांच्याकडंच होती, नातीला घेऊन ओसरीवर बसलेली. चन्नप्पा गेल्यावर सोजर तिच्याजवळ जाऊन बसली. बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "आत्या, सोडलेलं परत धरता येतं का?" अंबुबाईनं तोंडातला दाणा चावत तिच्याकडं बघितलं. "मी धरलंच की." "काय?" "वांगं. गेल्या साली भावजयीनं भरीत क्येलं हुतं, शेतातल्या वांग्याचं. लई वास सुटला. खाल्लं." सोजरनं विचारलं, "आणि यांचे डोळे?" "त्येचं काय? चांगलं हायत की. तुला न्हाय का बघत टकामका?" आणि अंबुबाई बोळक्या तोंडानं इतकी हसली की मायाही कारण नसताना हसायला लागली. मग नातीच्या पाठीवर थोपटत म्हातारी म्हणाली, "द्येव इसरतो गं. त्येला काय एकच घर हाय व्हय? पर तू बग बाई. तुला इसरायला येत असंल तर."

तिनं त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, तो वहाणा घालत असताना. "खेळा तुम्ही रविवारी. मी देवाला सांगितलंय." देवाला तिनं काही सांगितलं नव्हतं. देव्हाऱ्यापुढं ती उभी राहिली होती, हळदीची वाटी हातात घेतली होती, आणि शब्द आले नव्हते. उलट, बोललो तर ऐकलं जाईल, अशी धास्ती वाटून तिनं वाटी परत ठेवली होती. धुळाप्पानं एक वहाण घातली होती, दुसरी हातात होती. त्यानं आधी झोपलेल्या मायाकडं बघितलं आणि मग तिच्याकडं. "नक्की?" "नक्की." त्यानं घातलेली वहाणही काढून ठेवली आणि तो अनवाणीच गिरणीत निघाला. दारातून परत वळला. "येशील न्हवं बघायला? हिला घिऊनच ये. घरी ठिवलीस तर माझं ध्यान घरीच ऱ्हाईल." तो गेला, आणि ते वाक्य घरात राहिलं. आतापर्यंत तिला वाटत होतं की भीती तिची एकटीची आहे, त्यानं फक्त तिच्यासाठी मान खाली घातली. त्यालाही होती तर. तिनंच पेरलेली.

रविवारी उन्हाचा नुसता जाळ होता. दसरा होऊन गेला होता तरी किल्ल्याची भिंत तापून तिची धग मैदानावर येत होती. कडेला माणसांची दाटी, झाडांवर पोरं, गिरणीच्या साहेबांसाठी खुर्च्या, आणि त्यांतल्या एका खुर्चीत पांढरा कोट घातलेला मुंबईवाला. चन्नप्पाच्या घरच्या बायकांनी कडुलिंबाखाली सतरंजी टाकली होती, तिथं सोजर मायाला मांडीवर घेऊन बसली. धुळाप्पा मैदानात उतरला तेव्हा आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग एक आवाज आला, मग दुसरा, आणि मग सगळी कड उठली, "धुळाऽऽ! आरं आलाऽऽ! धुळाऽऽ!" खेळ सुरू झाला. पहिला चेंडू त्याच्याकडं आला तेव्हा तिनं पाहिलं: डावा खांदा, उजवा खांदा, आणि चेंडू पायाला लागला न लागला तोच लांब डाव्या कडेला, जिथं कुणी नव्हतं तिथं, आणि मग तिथं एक पोरगा धावत पोचलेला होता. बूटवाला सोजीर रिकाम्या धुळीवर आदळला. माणसं किंचाळली. सोजरही किंचाळली. तिला मास्तरांची छत्री आठवली, ते हसणं आठवलं, पुण्याची ती खिडकी आठवली. काही गेलं नव्हतं. सगळं तिथंच होतं, फक्त आपण हात लावला नव्हता, इतकं सोपं होतं ते. तो पुन्हा वळला, पुन्हा चेंडू दिला, पुन्हा मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. मुंबईवाला खुर्चीत पुढं सरकून बसला होता. तेवढ्यात माया म्हणाली, "आई, पाणी." सोजरनं तिला तांब्यानं पाणी पाजलं आणि तोंड पुसताना हात कपाळाला लागला. कपाळ तापलेलं होतं.

उन्हानं असेल. सतरंजी तापली होती, तांब्या तापला होता, तिचा स्वतःचा पदर तापला होता. तिनं आपल्या कपाळाला हात लावला, मग पोरीच्या. पुन्हा आपल्या, पुन्हा पोरीच्या. काही कळेना. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं वो?" "काही नाही." पण हात तिथून निघाला नाही. हात तिथं असला की निदान वाढलं तर कळेल, असं काहीतरी त्या हाताला वाटत होतं. तिनं वर पाहिलं तेव्हा मैदानाच्या मधोमध धुळाप्पा तिच्याकडं बघत होता. चेंडू दुसऱ्या टोकाला होता, त्याची मान वळली होती, नेहमीसारखी. फक्त मागच्या माणसांवरून ती पुढं सरकून लिंबाखाली येऊन थांबली होती. आणि मधल्याला सगळं दिसतं. तिनं हात काढला. खाली घेतला, सतरंजीवर ठेवला, त्याच्यावर दुसरा हात दाबला. चेंडू त्याच्याकडं आला तेव्हा त्याला वळायला उशीर झाला होता. सोजीरानं चेंडू घेतला आणि बुटाची टाच त्याच्या अंगठ्यावर देऊन गेला. मायानं डोकं तिच्या छातीवर टाकलं. पेंगत होती. पेंग ऊन लागल्याची का ग्लानी? तेव्हाही अशीच पेंगायची. हात पुन्हा कपाळावर गेला. आणि दर खेपेला, चेंडू यायच्या आधी, ती मान वळायची, एकदा डाव्या खांद्यावरून आणि एकदा लिंबाकडं.

हाफटाइमला तो लंगडत तिच्याकडं आला. अंगठ्यातून रक्त येत होतं, त्याच्याकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो बसला नाही, वाकला आणि उलट्या पंजानं पोरीचं कपाळ बघितलं, गाल बघितला, मानेखाली हात घालून बघितलं. त्याचा हात निघाल्याबरोबर सोजरचा हात पुन्हा कपाळावर गेला. "मी घरी जाऊ का हिला घेऊन?" सोजर म्हणाली. "नगं. बस." त्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं. "उन्हाचं हाय त्ये. बस तू." आणि जाता जाता, तिच्याकडं न बघता, म्हणाला, "मी आता हिकडं बघत न्हाय."

आणि त्यानं बघितलं नाही. लिंबाकडं बघायचं नाही म्हणजे त्या अंगाला मान वळवायची नाही. आणि त्या अंगाला वळवायची नाही म्हणून ताठ धरलेली मान दुसऱ्या अंगालाही वळेना. सगळा उरलेला सामना तो नाकासमोर बघत खेळला, गाडीला जुंपलेल्या बैलासारखा. धावला खूप, पूर्वी कधी धावला नसेल इतका धावला. मागून सोजीर यायचे आणि त्याला कळायचं ते धक्का बसल्यावर. गोलातून चन्नप्पा ओरडत होता, "मागं! धुळा, मागं बघ की! अरे मागं!" कडेची माणसं आधी गप्प झाली, मग हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "घड्या घाल जा." गोल झाला, मग आणखी एक. पांढरा कोट उठला, त्यानं खुर्चीमागची धूळ झटकली आणि साहेबांशी हात मिळवून सामना संपायच्या आधीच निघून गेला. सोजर हे सगळं बघत होती. तिला उठून ओरडावंसं वाटत होतं, बघा हो, इकडं बघा, काही नाही झालेलं. पण काही नाही झालेलं हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

ती तिघं टांग्यानं घरी निघाली. चन्नप्पानंच टांगा करून दिला. त्यानं धुळाप्पाच्या पाठीवर एकदा हात ठेवला. दिवस कलला होता, कुठून तरी वारा सुटला होता. सात रस्त्याच्या चौकातून टांगा थांबत थांबत निघाला. माया बापाच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, नवा लाल परकर गुडघ्यांपर्यंत गोळा झालेला. धुळाप्पानं अंगठ्याला चिंधी बांधली होती. सोजरनं हळूच पोरीच्या कपाळाला हात लावला. गार होतं. माठाच्या पोटासारखं गार. तिनं पुन्हा बघितलं, गालाला बघितलं, मानेला बघितलं.

"गार आहे," ती म्हणाली.

"हं."

"अगदी गार आहे हो. ताप नव्हताच."

घोड्याच्या टापा वाजत होत्या. धुळाप्पा समोर बघत होता, टांगेवाल्याच्या पाठीकडं. "मला म्हाईत हुतं," तो म्हणाला. "हाफटाइमला हात लावला तवाच कळलं."

सोजर त्याच्याकडं वळली. "मग बघायचं ना मागं! मग का नाही बघितलंत?"

त्यानं मायाचा परकर खाली ओढून सारखा केला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू हात उचलला न्हाईस की," तो म्हणाला.

सोजरनं खाली पाहिलं. हात अजून तिथंच होता.